शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे घराघरात ऐकू येते. चाळीत मारामारी झाली, रस्त्यावर कोणी गाडीखाली आले, पोलीस नावे विचारू लागले की बघ्यांची गर्दी भराभर पांगते. ‘आम्ही काही पाहिले नाही’ हे वाक्य ओठांवर तयारच असते. वडीलधारी माणसे तरण्या मुलांना हेच शिकवतात. आई मुलाचा दंड धरून त्याला घरात ओढते आणि दाराला कडी लावते. त्यामागे भीती असते, खाडा पडेल ही काळजी असते, तारखांवर तारखा पडतील हा कंटाळा असतो. हे सारे आम्ही जाणतो. एका दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी त्यामुळे चूल अडते त्यालाच ठाऊक.

तरीही वाचकहो, आम्ही आज या म्हणीच्या विरोधात लिहिणार आहोत. न्यायाच्या कामाकडे साध्या माणसाने पाठ फिरवली म्हणून ते काम थांबत नाही. त्याची जागा दुसरा कोणी घेतो. तो दुसरा आपली बाजू समजून घेईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर अमेरिकेकडे पाहावे लागेल. तिथे साध्या नागरिकाला साक्षीला बोलावतातच; शिवाय खुद्द निवाडा करायलाही बसवतात. या पद्धतीला ज्युरी म्हणतात. नवल असे की तिथेही हे काम टाळणारे लोक पुष्कळ आहेत. आणि त्याच देशात या कामासाठी, ज्युरीच्या खुर्चीवर नुसते बसायला मिळावे म्हणून, कृष्णवर्णीय समाजाने शंभर वर्षांहून अधिक काळ झगडा दिला आहे.

बारा साध्या माणसांचा निवाडा

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली ज्या पहिल्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील सहाव्या दुरुस्तीने फौजदारी खटल्यातील आरोपीला ज्युरीपुढे खटला चालवून घेण्याचा हक्क दिला. ज्युरी म्हणजे त्याच भागातील सामान्य नागरिकांची मंडळी. गंभीर खटल्यात बहुधा बारा जण असतात. त्यांत शिक्षक असू शकतो, ट्रक चालवणारा असू शकतो, दवाखान्यात झाडलोट करणारी बाई असू शकते. कायद्याची पदवी लागत नाही. वकील पुरावा मांडतात, न्यायाधीश कायदा समजावून सांगतात. पण आरोपीने गुन्हा केला की नाही, हे ते बारा जण बंद खोलीत बसून ठरवतात. दोषी ठरवायचे तर बाराही जणांचे एकमत लागते. एक जण जरी ‘मला पटले नाही’ म्हणून ठाम राहिला, तरी आरोपीला दोषी ठरवता येत नाही.

नावे मतदार यादीतून आणि वाहन परवान्याच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढतात. नाव निघाले की टपालाने समन्स येते. ज्याच्याकडे नागरिकत्व आहे, त्यालाच हे समन्स लागू. आपल्या समाजातील जी मुले-मुली शिकून तिकडे गेली आणि तिथली नागरिक झाली, त्यांच्या दारातही हा लिफाफा येऊ शकतो. केंद्र सरकारच्या न्यायालयांपुरते बोलायचे तर १९६८ सालच्या कायद्याप्रमाणे योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. ज्युरीवर गेला म्हणून मालकाला कामगाराला नोकरीवरून काढता येत नाही.

इतके असूनही लोक टाळतात. कोणी पत्राला उत्तरच देत नाही. कोणी आजारपण पुढे करतो. कोणी न्यायाधीशांसमोर मुद्दाम असे काही बोलतो की ‘हा निःपक्ष नाही’ म्हणून त्याला घरी पाठवावे. ‘मी एकटा गेलो नाही तर काय बिघडणार आहे?’ हा विचार तिकडचा माणूसही करतो, आपणही करतो.

यात कष्टकऱ्यांची अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारत नाही. केंद्राच्या न्यायालयात ज्युरीला दिवसाला ५० डॉलर मिळतात. राज्यांच्या न्यायालयांत भत्ता बऱ्याच ठिकाणी याहून कमी आहे. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यात वर्षानुवर्षे पहिल्या दिवसाचे काही नाही आणि दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर, असा दर चालत आला. इतक्या पैशात तिथे कोणाचे घर चालत नाही. म्हणून पगारी रजा मिळणारा बाबू आणि पेन्शन घेणारा म्हातारा ज्युरीवर बसू शकतो. रोजंदारीवरचा मजूर आणि एकटी मुले सांभाळणारी आई गळते. मग निवाडा कोणाच्या नजरेतून होणार? हे ओळखूनच सॅन फ्रान्सिस्को शहरात २०२२ साली कमी उत्पन्नाच्या ज्युरींना दिवसाला १०० डॉलर देण्याचा प्रयोग सुरू झाला. उपाय हा असा असतो. गरिबाला यादीतून वगळणे हा उपाय नव्हे, आणि गरिबाने स्वतःहून पळ काढणे हाही नव्हे.

१८७५ चा कायदा आणि बाबासाहेब

अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर १ मार्च १८७५ रोजी एक नागरी हक्क कायदा झाला. खाणावळी, गाड्या, नाटकगृहे यांत काळ्या माणसाला समान वागणूक मिळाली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. आपल्या वाचकांना या कायद्याची ओळख वेगळ्या वाटेने असायला हवी. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीची तरतूद सुचवली, तेव्हा ती अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांना तिथल्या काळ्या समाजाची लढाई चांगली माहीत होती.

त्याच १८७५ च्या कायद्यात आणखी एक कलम होते. वंशाच्या किंवा रंगाच्या कारणावरून कोणाही नागरिकाला ज्युरीवर बसण्यास अपात्र ठरवता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. म्हणजे पंक्तीत बसण्याचा आणि गाडीत बसण्याचा हक्क, तसाच न्यायाच्या खुर्चीत बसण्याचा हक्क. कायदा करणाऱ्यांना हे पक्के कळले होते की न्यायालयात सगळेच गोरे बसले तर बाकीचे हक्क कागदावरच राहतील.

१८८० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनिया राज्याचा ‘फक्त गोऱ्या पुरुषांची ज्युरी’ हा कायदा घटनाविरोधी ठरवला. हा स्ट्रॉडर खटला. पुढे १८८३ साली खाणावळी आणि गाड्यांची कलमे न्यायालयानेच रद्द केली, पण ज्युरीचे कलम टिकले. दुर्दैवाने ते बराच काळ कागदावरच टिकले. दक्षिणेकडच्या राज्यांनी उघड बंदी मागे घेतली आणि मागच्या दाराने तीच बंदी आणली. मतदार यादीत काळ्यांची नावे येऊच द्यायची नाहीत, म्हणजे ज्युरीच्या यादीतही ती येणार नाहीत. आणि काही नावे आलीच, तर ती कधी निघणार नाहीत अशी तजवीज करायची.

भिंगातून पाहिलेली वही

मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ काळ्या मुलांना पकडण्यात आले. दोन गोऱ्या बायकांवर बलात्कार केल्याचा आळ त्यांच्यावर आला. सगळी मुले कोवळ्या वयाची, घरची गरीब. स्कॉट्सबरो या गावी काही दिवसांतच खटले उरकले. सगळ्या ज्युरी गोऱ्या. नवांपैकी आठ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला. पुढे १९३३ साली त्या दोघींपैकी एकीने न्यायालयात येऊन सांगितले की असे काही घडलेच नव्हते. तरीही गोऱ्या ज्युरीने पुन्हा दोषीच ठरवले.

बचावाचे वकील सॅम्युएल लीबोविट्झ यांनी मग मुळावर बोट ठेवले. या जिल्ह्यात जाणत्या माणसांच्या आठवणीत एकही काळा माणूस ज्युरीवर बसलेला नाही, हे त्यांनी सिद्ध केले. सरकारी बाजूने वही दाखवली, त्यात काही काळ्यांची नावे होती. ती नावे नंतर घुसडलेली आहेत, असे लीबोविट्झ यांचे म्हणणे होते. वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात ती वही गेली तेव्हा न्यायमूर्तींनी भिंग घेऊन ती पाने पाहिली. १९३५ साली निकाल लागला : ज्युरीतून काळ्यांना पद्धतशीर वगळलेले आहे, म्हणून शिक्षा रद्द.

त्या मुलांना फाशी झाली नाही, पण तुरुंगातून लगेच सुटकाही झाली नाही. चौघे सहा वर्षांनी सुटले, बाकीच्यांची आणखी कितीतरी वर्षे तुरुंगात गेली. एका खोट्या वहीची ही किंमत.

एक तास आणि सात मिनिटे

ऑगस्ट १९५५. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल हा काळा मुलगा सुटीत मिसिसिपी राज्यात नातलगांकडे आला होता. गोऱ्या दुकानदारणीशी अवचित वागला, या सबबीवरून रात्री त्याला घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि नदीत फेकले. त्याच्या आईने, मामी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा त्या माउलीचा निर्धार होता.

सप्टेंबरमध्ये समनर या गावी खटला उभा राहिला. त्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती काळ्यांची होती, पण मतदार यादीत एकाही काळ्याचे नाव नव्हते. म्हणून ज्युरीवर एकही काळा नव्हता. बाईही नव्हती, कारण मिसिसिपी राज्याने बायकांना ज्युरीवर १९६८ सालापर्यंत बसूच दिले नाही. बारा गोरे पुरुष आत गेले आणि अवघ्या सदुसष्ट मिनिटांत दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवून बाहेर आले. मधे थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर इतका वेळही लागला नसता, अशा अर्थाचे त्यांतल्या एकाचे बोलणे वर्तमानपत्रांत आले. चार महिन्यांनी, जानेवारी १९५६ मध्ये, त्याच दोन आरोपींनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर पुन्हा तोच खटला चालवता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या खटल्यातील आणखी एका माणसाचे नाव आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे. मोझेस राइट. वय चौसष्ट, गोऱ्याची जमीन बटाईने कसणारा, एमेट ज्यांच्या घरी उतरला होता ते त्याच्या नात्यातील आजोबा. त्या प्रदेशात काळ्या माणसाने गोऱ्याविरुद्ध साक्ष देणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते. तरी मोझेस राइट भर न्यायालयात उभे राहिले आणि बोट दाखवून त्यांनी आरोपींना ओळखले. ज्युरीच्या खुर्चीत त्यांना जागा नव्हती. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती, ती त्यांनी सोडली नाही. त्यानंतर त्यांना गाव सोडून शिकागोला जावे लागले. ज्युरीने त्यांचे ऐकले नाही, पण जगाने ऐकले. पुढच्या नागरी हक्कांच्या लढ्याला या खटल्याने धग दिली.

सहा खटल्यांचा धडा

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. म्हणून अलीकडचे सांगतो.

ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना काही नावे कारण न देता वगळण्याचा अधिकार असतो. त्याचा वापर करून सरकारी वकील काळ्यांची नावे वगळत. १९८६ साली बॅटसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रंगावरून असे वगळता येणार नाही. पण पळवाटा राहिल्याच.

मिसिसिपीमध्ये कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसावर खुनाचा एकच खटला सहा वेळा चालला. सहाही वेळा सरकारी वकील एकच. या सहा खटल्यांत मिळून ४२ काळ्या नागरिकांची नावे त्यांच्यापुढे आली, त्यांपैकी ४१ त्यांनी वगळायचा प्रयत्न केला. आता निकाल पाहा. ज्या चार खटल्यांत ज्युरीवर एकही काळा नव्हता किंवा एकच होता, त्या चारही वेळा आरोपी दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंड झाला. ज्या दोन खटल्यांत पाच आणि तीन काळे सदस्य बसले, त्या दोन्ही वेळा एकमत झाले नाही. पुरावा तोच, वकील तोच, आरोपी तोच. खुर्च्यांवरची माणसे तेवढी वेगळी. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहावा निकालही रद्द केला आणि २०२० साली सरकारने खटला मागे घेतला. तोवर त्या माणसाची वीस वर्षांहून अधिक तुरुंगात गेली होती.

लुइझियाना राज्याची युक्ती याहून साळसूद होती. तिथे १८९८ साली ठरवले की बाराही जणांचे एकमत नको, नऊ पुरेत. पुढे नवाचे दहा केले. म्हणजे एखाद-दुसरा काळा ज्युरीवर आला तरी त्याच्या मताला किंमत उरायची नाही. बसू द्यायचे, पण ऐकायचे नाही. हा प्रकार आपल्या वाचकांना नवा वाटणार नाही. तिथल्या मतदारांनी २०१८ साली तो नियम बदलला, आणि गंभीर गुन्ह्यांत एकमतच हवे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले.

याच काळात, २५ मे २०२० रोजी, मिनिआपोलिस शहरात गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव घेतला. रस्त्याने जाणारी माणसे तिथे थांबली. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रीकरण केले. पुढे ती साक्षीला आली, नऊ वर्षांची तिच्या नात्यातली एक लहान मुलगीही आली, दुकानातला तरुण नोकर आला. ज्युरीवर सहा गोरे, चार काळे आणि दोन मिश्र वंशाचे असे बारा जण होते. २० एप्रिल २०२१ रोजी त्यांनी एकमताने तिन्ही आरोपांत पोलिसाला दोषी ठरवले. थांबणारे साक्षीदार आणि खुर्चीत बसणारे नागरिक या दोघांनी मिळून तो न्याय घडवला. त्यांपैकी कोणी ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हटले असते तर?

गोरी ज्युरी नेहमी अन्याय करते आणि काळी नेहमी न्याय करते, असे आम्हाला म्हणायचे नाही. जॉर्जिया राज्यात अहमद आर्बरी या काळ्या तरुणाचा पाठलाग करून खून करणाऱ्या तीन गोऱ्यांना २०२१ साली ज्या ज्युरीने दोषी ठरवले, तिच्यात अकरा गोरे आणि एकच काळा होता. विवेक कोणा एका रंगाची मिरास नव्हे. पण त्या खोलीत वेगवेगळे जगणे जगलेली माणसे असतील, तरच प्रश्न विचारले जातात. पोलिसाच्या दंडुक्याची भीती ज्याने कधी अनुभवली नाही, त्याला काही शंका सुचतच नाहीत.

आपल्याकडची ज्युरी कुठे गेली?

पुष्कळांना ठाऊक नसेल, पण मुंबईतही एके काळी ज्युरी बसत असे. टिळकांच्या सामाजिक मतांशी आमचा मतभेद जगजाहीर आहे. तरी १९०८ सालचा त्यांचा राजद्रोहाचा खटला या बाबतीत पाहण्यासारखा आहे. ज्युरीचे नऊ सदस्य, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख ‘केसरी’तले, मराठीतले, आणि निवाडा करणाऱ्यांपुढे आले इंग्रजी भाषांतर. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. खुर्चीत कोण बसले आहे, याला महत्त्व असते, हे त्या कामगारांना कोणी शिकवावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली मुंबईत नानावटी खटला गाजला. नौदलातील अधिकारी, घरातले प्रकरण, वर्तमानपत्रांचा गलबला. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. हा कौल सत्र न्यायाधीशांना पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे आरोपी दोषी ठरला आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ज्युरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ सालीच केली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

ती परत आणावी असे आमचे म्हणणे नाही. जातीपातीने पोखरलेल्या गावात बारा जणांची ज्युरी बसवली तर तिच्यात कोण बसेल आणि ती कोणाला सोडील, हे समनरच्या खटल्यावरून आपण ओळखू शकतो. पण ज्युरी गेली म्हणून सामान्य नागरिकाचे न्यायालयातले काम संपले, असेही नाही.

ज्युरी गेली, साक्ष राहिली

आपल्याकडे आज साध्या माणसाला न्यायालयात दोन जागा आहेत. एक पंचाची, दुसरी साक्षीदाराची. पोलीस झडती घेतात, वस्तू जप्त करतात, त्याचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो. न्यायाधीश कितीही चांगला असला तरी तो घटनास्थळी नव्हता. त्याच्यापुढे येईल तेवढाच पुरावा त्याला दिसतो. साक्षीदार आलाच नाही, किंवा येऊन फितूर झाला, तर न्यायाधीशाचे हात बांधले जातात.

२८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा निर्घृण खून झाला. महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. खटल्यातील अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मोर्च्यात हजारो आले, पण साक्षीच्या पिंजऱ्यात जे टिकायला हवे होते ते टिकले नाहीत. कोणावर दबाव आला असेल, कोणाला धमकी मिळाली असेल. गावात राहणाऱ्याची कोंडी शहरात बसून समजत नाही. म्हणून नुसते दोष देऊन भागणार नाही. साक्षीदाराच्या पाठीशी समाजाने उभे राहणे, हे मोर्च्याइतकेच मोठे काम आहे.

साक्षीदाराचे काही हक्क आहेत. ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजेत.

साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर स्त्रीला, पंधरा वर्षांखालील मुलाला आणि साठीच्या पुढच्या पुरुषाला पोलीस चौकीत यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पंचनाम्यावर पंचाची सही मात्र लागते, म्हणून वाचल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय पंचाने सही करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटला असेल तर १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडितांना, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदारांना तपासाला व सुनावणीला येण्या-जाण्याचे भाडे मिळते. त्या दिवसांचा निर्वाह भत्ताही मिळतो आणि तो किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे खाडा भरून काढण्याची तरतूद कायद्यात आहे. मागितल्याशिवाय ती हातात पडत नाही, एवढेच. २०१६ पासून या कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे. विशेष न्यायालयाकडे संरक्षण मागता येते, नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची विनंती करता येते.

इतर गुन्ह्यांतही धमकी येत असेल तर मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, एक प्रत घरी जपून ठेवावी.

घरात आणि विहारात काय करावे?

आमची माता-भगिनींना विशेष विनंती आहे. घरातला माणूस साक्षीला निघाला की त्याला अडवणारा पहिला हात बहुधा आपलाच असतो. तो हात मायेचा असतो, हे खरे. पण मामी टिल यांचीही माया होतीच. उद्या अन्याय आपल्या लेकरावर झाला तर शेजारणीने दाराला कडी लावावी, असे आपल्याला वाटेल का?

वस्तीतील मंडळांनी आणि विहार समित्यांनी एक साधी गोष्ट करावी. आपल्या भागात कोणाला समन्स आले की त्याच्यासोबत दोन माणसे न्यायालयात पाठवावीत. तारखांची नोंद वहीत ठेवावी. ज्याचा खाडा पडतो त्याच्या घरी त्या दिवशी भाकरीची अडचण होणार नाही, इतके पाहावे. वस्तीत वकिलीचे शिक्षण घेणारी मुले-मुली असतील तर त्यांनी साक्षीदाराला धीर द्यावा, न्यायालयात काय काय होते ते आधी समजावून सांगावे. ‘असे सांग, तसे सांग’ असे मात्र कोणी शिकवू नये. जे पाहिले तेच सांगायचे. पाहिले नाही ते सांगायचे नाही, मग प्रकरण आपल्या माणसाचे का असेना. चौथे शील रोज म्हणणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि ज्यांची मुले अमेरिकेत नागरिक झाली आहेत, त्यांनी पुढच्या वेळी फोनवर पगार आणि हवापाण्याबरोबर हेही विचारावे : ‘बाळा, ज्युरीचे पत्र आले होते का? गेला होतास ना?’ ज्या खुर्चीसाठी तिथल्या काळ्या बांधवांनी पिढ्या घालवल्या, ती आपल्या मुलाने फुकट सोडू नये.

ज्याच्याकडे पैसा आहे तो वकील करतो, ज्याच्याकडे वशिला आहे तो फोन करतो. गरिबाकडे असते ती पाहिलेली खरी गोष्ट आणि ती सांगायची हिंमत. ती घरी ठेवून काय उपयोग? बंधू-भगिनींनो, समन्स आले तर तारीख लिहून ठेवा, मुकादमाला आधी सांगा, सोबत एक माणूस घ्या आणि कोर्टाची पायरी चढा.